पीठासीन अधिकाऱ्यांचा खर्च लोकांसमोर हवा



विधानसभेचे अध्यक्ष आणि विधानपरिषदेचे सभापती आपल्या पदाच्या नावे प्रवासखर्च, भत्ते आणि पाहुणचाराची देयकं मांडतात. ती बाबवार लोकांसमोर यावीत का? माझं उत्तर स्वच्छ आहे. यावीत, आणि कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता यावीत.

हा विषय मुंबईचा, आपला काय संबंध, असं धाराशिवात कुणी म्हणू नये. 1978-79 मध्ये शिवराज पाटील चाकूरकर विधानसभेचे अध्यक्ष होते. ते लातूरचे आमदार, आणि तेव्हा लातूर आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो 1982 मध्ये. पण मला त्याहून जवळचं नाव वाटतं ते वि. स. पागे यांचं. 1960 ते 1978 ते विधानपरिषदेचे सभापती होते, आणि रोजगार हमी योजना ही त्यांची देणगी. 1972च्या दुष्काळात आपल्या भागातली माणसं खडी फोडायला, मातीकामाला गेली. पुढे रोजगार हमीने त्या कामाला हक्काचं रूप दिलं.

त्या कामांवरचा हजेरीपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो आठवत असेल. मजुराचं नाव, गाव, कोणत्या तारखांना हजर, किती दिवस भरले, किती रुपये झाले, आणि शेवटच्या रकान्यात शाईचा अंगठा. 2005चा केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि हा हजेरीपट संकेतस्थळावर गेला. कलम 17 ने सामाजिक अंकेक्षणाचं काम ग्रामसभेकडे दिलं. वाशी तालुक्यातल्या एखाद्या बाईने किती दिवस माती उचलली आणि किती मजुरी घेतली, हे जगात कुठेही बसून वाचता येऊ लागलं. ते योग्यच झालं, कारण बोगस नावं पकडायची तर यादी उघडीच हवी. मग ज्या पदावर पागे बसले, त्या पदाच्या देयकांना हाच न्याय का नको?

अडचण कुठे आहे ते राज्यघटनेत सापडतं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत खर्च दोन प्रकारचा असतो, दत्तमत आणि भारित. कलम 202 प्रमाणे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती, उपसभापती यांचं वेतन आणि भत्ते भारित आहेत. म्हणजे त्यांवर सभागृह मतदान करत नाही. हेतू उत्तम आहे. पगार अडवून कुणी अध्यक्षांना वाकवू नये. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतनही असंच भारित असतं. पण पुढचं पाहा. अध्यक्षांच्या वर्तनावर रीतसर ठरावाशिवाय चर्चा करायची नाही, हा संकेत. कलम 187 प्रमाणे विधिमंडळाचं सचिवालय स्वतंत्र. आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम 2 विधानसभेपुरतं ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणून कुणाचं नाव घेतं? अध्यक्षांचंच. कलम 28 प्रमाणे नियम करण्याचा अधिकारही त्यांचाच. लेखापरीक्षण होतं, पण त्यातून नागरिकाच्या हाती बाबवार देयक पडत नाही. जिथे सभागृहाचं मत नाही, तिथे लोकांची नजर हाच एक पहारा उरतो, आणि म्हणून या पदाला प्रकटीकरणाची गरज मंत्र्यांपेक्षाही जास्त आहे असं मी मानतो.

2012 मध्ये लोकसभेच्या तत्कालीन अध्यक्षा मीरा कुमार यांचे 35 महिन्यांतले 29 परदेशदौरे माहिती अधिकारातून उघड झाले. खर्च 10 कोटींच्या आसपास. संसदीय परिषदांना जाणं हे अध्यक्षांचं कामच आहे, त्यात गैर काही नाही. पण प्रत्येक दौऱ्याचं प्रयोजन, सोबतची माणसं आणि रक्कम त्या त्या वेळी जाहीर झाली असती, तर सगळा आकडा एकदम अंगावर आला नसता.

तपशील वेळच्या वेळी जाहीर होण्याचा उपयोग ऑस्ट्रेलियात दिसला. तिथल्या अध्यक्षा ब्रॉनविन बिशप मेलबर्नहून जिलाँगला, म्हणजे साधारण धाराशिव ते लातूर एवढ्या अंतरावर, स्वपक्षाच्या निधीसंकलनासाठी हेलिकॉप्टरने गेल्या. बिल पाच हजार डॉलरवर. खर्चाच्या जाहीर तपशिलात ती नोंद होती, म्हणून ती लोकांना दिसली, आणि ऑगस्ट 2015 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाची माहिती देण्याविरुद्ध संसदेने न्यायालयात भांडण केलं आणि 2008 मध्ये ती हरली. पुढच्याच वर्षी तपशील वर्तमानपत्रात फुटला आणि सभापती मायकल मार्टिन यांना जावं लागलं. सभापतीला असं घालवण्याची वेळ तिथे 1695 नंतर प्रथमच आली.

सुरक्षेचा आक्षेप मला मान्य आहे, पण तो दौऱ्याआधीच्या माहितीपुरता. दौरा संपल्यावर बिल दाखवण्यात कसला धोका? घरच्या माणसांची वैद्यकीय माहिती झाकावी, तीही खुशाल. विशेषाधिकारभंगाची ढाल मात्र विमानाच्या तिकिटाला लावता येणार नाही.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं एक परंतुक माहिती अधिकाराच्या कलम 8 मध्ये होतं. सामान्य माणसाला आमदाराच्या बरोबरीने उभं करणारं ते वाक्य 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने काढून टाकलं. ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं म्हणून अर्ज फेटाळणं आता अधिक सोपं आहे. सार्वजनिक हिताचं कलम 8(2) अजून शाबूत आहे, आणि कलम 4 खाली स्वतःहून माहिती जाहीर करायला कोणताही कायदा अडवत नाही.

आपल्या जिल्ह्याचे चार आमदार आहेत: उमरगा, तुळजापूर, धाराशिव आणि परंडा. भारित खर्चावर मतदान नसलं, तरी चर्चेला राज्यघटनेचं कलम 203 मोकळीक देतं. तेव्हा चौघांनाही पत्र लिहा. मागणी एकच: दोन्ही सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांची देयकं दर तिमाहीला, दिनांक, प्रयोजन आणि रकमेसह, मराठीत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर टाकावीत. पक्ष पाहू नका, चौघांनाही लिहा, आणि पत्राची पोच घ्या.