विडीचे सूप आणि कायद्याचे पुस्तक
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'कायदा, आरोग्य आणि समता' असा. विषय एवढा मोठा की तो एखाद्या विद्वान वकिलाने घ्यावा. मी वकील नाही. गेली काही वर्षे शेजारच्या बायांचे फंडाचे आणि ओळखपत्राचे अर्ज लिहून देते, तेवढीच माझी कायद्याशी ओळख. म्हणून विषय मी माझ्या मापाने लहान करून घेतला आहे. आपल्या पूर्व भागात कोणत्याही गल्लीत शिरा, उंबरठ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई दिसते. त्या सुपापर्यंत कायदा कितपत पोहोचला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सोलापुरात कायदा म्हटले की जुन्या माणसांना १९३० सालचा लष्करी कायदाच आधी आठवे. त्या मार्शल लॉच्या गोष्टी आपण आजी-आजोबांकडून ऐकल्या आहेत. बायकांच्या हातांशी ज्याचा संबंध आहे असा कायदा त्यानंतर छत्तीस वर्षांनी आला; त्याची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

आपली जुनी गिरणी १८७७ सालची. तिच्यामागून आणखी गिरण्या निघाल्या, हातमाग आले, यंत्रमाग आले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हे शहर विणले म्हणाना. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुरुषांचा पगार गेला आणि पुष्कळ घरांची चूल बाईच्या विडीवर पेटू लागली. 'घरबसल्या चार पैसे मिळतात' असे आपण सहज म्हणतो. पान भिजवावयाचे, मापाने कातरावयाचे, तंबाखू भरून वळावयाचे, टोक नखाने दाबून दोरा बांधावयाचा. असे हजार वेळा केले म्हणजे 'हजारी' मजुरी. ज्यांनी हे केले आहे त्या 'घरबसल्या' हा शब्द वापरीत नाहीत.

'विडी व सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम' हा १९६६ सालचा. कारखान्यात उजेड व वारा असावा, धूळ कोंडू नये, कामाचे तास आठवड्यास अठ्ठेचाळीसच्या वर नसावेत, स्त्रिया पुष्कळ असतील तेथे मुलांसाठी पाळणाघर असावे, अशी कलमे त्यात होती. कलमे चांगलीच होती. पण पाळणाघर आणि खिडक्या कारखान्याला लावावयाच्या; कामच घरी धाडले तर? पुष्कळ ठिकाणी तसेच झाले. तंबाखूचे सूप घरात आले. जेथे चूल, तेथेच पाळणा आणि तेथेच तंबाखूची धूळ. घरी काम करणारी बाईसुद्धा कामगारच, असे त्या कायद्याने मान्य केले हे खरे. पण तिच्या घराच्या खिडकीची काळजी त्याला घेता आली नाही. आणि जो आपल्याच घरी, घरच्याच माणसांच्या मदतीने, कोणाचा कामगार नसताना विड्या करतो, त्याला हा कायदा लागू नव्हता. ही सूट दिसावयास निरुपद्रवी. तिच्या आडून एक वहिवाट पडली: बाईला पान-तंबाखू दिली असे लिहावयाचे नाही, 'विकली' असे लिहावयाचे, आणि संध्याकाळी विड्या 'विकत घेतल्या' असे दाखवावयाचे. मग ती कामगार कसली? ती व्यापारीण! आम्ही कधी व्यापारीण झालो हे आम्हालाच ठाऊक नाही, असे एक अक्का मला म्हणाल्या होत्या.

बाळंतपणाचे पहा. प्रसूती लाभाचा १९६१ चा कायदा या विडी कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही लागू केला. किती आनंदाची गोष्ट! पण पुढे बारीक अक्षरांत लिहिले होते की, तिच्या बाबतीत कलम ८ आणि कलम १० गाळावीत. कलम ८ म्हणजे औषधोपचाराचा बोनस आणि कलम १० म्हणजे गर्भारपणात वा बाळंतपणात आजार झाला तर मिळणारी जादा रजा. म्हणजे कारखान्यात बसणारी बाई आजारी पडू शकते, घरी बसणारी पडत नाही, असाच अर्थ झाला! २०१७ साली ही रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, तिसऱ्या अपत्यापासून बाराच राहिली. तिच्यासाठी आधीच्या वर्षात ८० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. घरी वळणाऱ्या बाईचा पुरावा तो कोणता? तिचे पुस्तक. त्यावर रोजची नोंद झाली नसेल, किंवा दोघी बहिणींच्या विड्या एकीच्याच नावावर चढल्या असतील, तर दुसरीने त्या वर्षात काहीच केले नाही असे ठरते.

आता छाटेविषयी थोडे अधिक बोलते, कारण हा विषय येथे बसलेल्या कितीतरी जणींच्या जिव्हारी लागलेला आहे. विडी पातळ, विडी जाड, पान फाटके, असे म्हणून मूठभर विड्या बाजूला काढावयाच्या आणि त्यांची मजुरी द्यावयाची नाही. पान मुळातच वाईट दिलेले असले तरी दोष बाईच्या हाताचा. महाराष्ट्राच्या नियमांत असे होते की, साधारणपणे शेकडा पाचाच्या वर छाट काढता येणार नाही. मालक मंडळी कायद्याविरुद्ध न्यायालयात गेली. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. पुढे तंटा आला भविष्य निर्वाह निधीचा. १९७७ साली हा फंड विडीधंद्याला लागू झाला, तेव्हा म्हणणे पडले की घरी वळणाऱ्या बायका आमच्या नोकर नव्हेतच, त्यांच्यावर आमची देखरेख कोठे आहे? १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले ते मला फार आवडते. न्यायालय म्हणाले, माल नापसंत करून परत करण्याचा अधिकार तुम्ही ठेवता ना, तीच तुमची देखरेख. म्हणून ती तुमची कामगार. ज्या छाटेने इतकी वर्षे बायकांना रडविले, तिनेच त्यांना फंड मिळवून दिला!

१९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचे कायदे झाले. विडीवर उपकर बसवून त्या पैशांतून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या आणि घरे द्यावयाची, अशी ती योजना. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि खुद्द विडी कामगार बाईचा वाटा, असा तिघांचा मिळून पैसा उभा राहिला, महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरे बांधविली आणि २००६ साली त्यांचे वाटप झाले. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या, हे जाता जाता सांगते. पुढे त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर उभे राहिले आणि जानेवारी २०२४ मध्ये तेथील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. छपरावर नाव लागले म्हणजे बाईचा आवाज बदलतो. मी तो ऐकला आहे. मात्र २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला. विडीच्या कराला दवाखान्याशी बांधणारा धागा तुटला. आता खर्च सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर.

येथे कोणी विचारील की, विडी ही काही दूध-भाकरी नव्हे, तिने माणसे मरतात, मग हा धंदा जगवावा तरी कशाला? प्रश्न योग्य आहे. २००३ चा तंबाखूविरोधी कायदा आणि एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या शेकडा ८५ भागावर आलेले इशाऱ्याचे चित्र यांना मी वाईट म्हणणार नाही. फुंकणाऱ्याच्या छातीइतकेच वळणारीच्या छातीतही काही जाते; तंबाखूतील निकोटीन तिच्या कातडीवाटे अंगात जाते, खोकला, दमा, पाठदुखी हे तर घरोघर आहे. तंबाखूविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशाने २००४ साली मान्य केला, त्याच्या सतराव्या कलमात या धंद्यातील कामगारांना दुसरा किफायतशीर रोजगार देण्यास हातभार लावावा असे आहे. इशाऱ्याचे चित्र पाकिटावर आले; सतरावे कलम आपल्या गल्लीत अद्याप आले नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

मुलींविषयी एक वाक्य. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात विडी वळणे मुलांना बंद केलेल्या कामांत होते, पण घरच्या माणसांबरोबर केले तर बंदी नव्हती. शाळेतून आलेली मुलगी आईच्या सुपातून शे-दोनशे विड्या उचले ती याच फटीतून. २०१६ साली कायदा कडक झाला. आईची हजारी पुरी कशी व्हावी, हे मात्र त्याने सांगितले नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६६ चा विडी कायदा, १९६१ चा प्रसूती कायदा, फंडाचा कायदा, किमान वेतनाचा कायदा, सारे त्यांत मिसळून गेले. नव्या पुस्तकात जुनी कोणती कलमे कोठे गेली हे शोधण्याचे काम जाणत्या वकील भगिनींनी आपल्याला करून द्यावे. आपल्या हाती जे आहे ते निराळे. फंडाच्या निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची नोकरी लागते, आणि २०१४ साली त्याची किमान रक्कम १००० रुपये ठरली. हजार रुपये म्हणजे फार नव्हेत. पण तेवढेही न मिळालेली एक सत्तरीची मावशी माझ्या शेजारी आहे. चाळीस वर्षे वळल्या. फंडाच्या कागदावर त्यांचे आडनाव तेलुगू उच्चाराप्रमाणे, आधार कार्डावर मराठी वळणाचे, आणि लग्नापूर्वीचे नाव जुन्या पुस्तकावर. तीन कागदांत तीन बाया, आणि पैसे मागणारी एक!

तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीने ठरविले आहे की, दर बुधवारी दुपारी चार ते सहा मंडळाच्या खोलीत आम्ही तिघीजणी बसू. विडीचे पुस्तक, ओळखपत्र, फंडाचा क्रमांक, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन यावे. ज्यांचे पुस्तक कारखान्यातच ठेवून घेतले आहे त्यांनी तसेच यावे, आपण लेखी मागणी करू. तेलुगू वाचणारी एक मुलगी आपल्यात आहे, तिने येण्याचे कबूल केले आहे. अर्जास पैसे पडणार नाहीत. झेरॉक्सचे तेवढे आपले आपण द्यावे.