काठी, चाकू आणि कायदा

आपल्या शस्त्रविषयक कायद्यांत काठीला मिळालेलें स्थान मोठें मौजेचें आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें 'शस्त्रा'ची व्याख्या करितांना केवळ घरच्या व शेतीच्या उपयोगाच्या वस्तू वगळल्या, आणि उदाहरणादाखल लाठी व साधी हातकाठी यांचींच नांवें घातलीं. आतां १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम पाहा. हल्लीं त्यास महाराष्ट्राचें नांव आहे. त्याच्या ३७ व्या कलमानें पोलीस आयुक्त वा जिल्हा दंडाधिकारी ज्या वस्तू बरोबर बाळगण्यास कांहीं काळ मनाई करूं शकतात, त्यांत तलवारी-भाल्यांच्या पंक्तीला लाठी बसविलेली आहे! केंद्रानें जी सोडली, ती राज्यानें धरली.

चाकूसुऱ्यांचा प्रकार याहून गुंतागुंतीचा. बंदुकीस परवाना बहुतेक सर्वत्र लागतो. धारदार हत्यारांचें तसें नाहीं. शस्त्र अधिनियमाच्या ४ थ्या कलमान्वयें ज्या प्रदेशाविषयीं अधिसूचना निघेल, तेथेंच तीं बाळगण्यास परवाना हवा. नियमांच्या अनुसूचींत माप आहे तें ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचें. स्वयंपाकाचीं व शेतीचीं हत्यारें त्यांतून वगळलेलीं. दिल्लीनें मात्र १९८० सालीं कळ दाबून उघडणाऱ्या चाकूंसाठीं अधिसूचना काढली, तींत लांबी ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ३ इंच, आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर. गांवोगांव फिरणाऱ्या प्रवाशानें ही मापपट्टी कोठून आणावी? तिच्याखालीं चाललेली एक फौजदारी कारवाई सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं रद्द केली. कारण निषेध होता तो विक्रीसाठीं वा चाचणीसाठीं बाळगण्याचा, आणि आरोपपत्रांत तसा आरोपच नव्हता. एवढें एक वाक्य वाचून घेण्यास माणसाला थेट सर्वोच्च न्यायालय गांठावें लागावें, हें मला कांहीं समाधानाचें वाटत नाहीं.

कुर्ग, म्हणजे आजच्या कर्नाटकांतील कोडगु जिल्हा, येथें सगळेंच उलट. १८६१ सालीं इंग्रज सरकारनें तेथील लोकांना शस्त्रकायद्यांतून सूट दिली. कोडव वंशाच्या लोकांना आणि जम्मा जमिनीच्या धारकांना ती पुढेंही चालू राहिली. २०१९ सालीं तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविण्यांत आली, आणि २०२१ सालीं कर्नाटक उच्च न्यायालयानें ती वैध ठरविली. परंतु तिलाही शीव आहे. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकतांच त्याच माणसानें एक रायफल आणि एक साधी बंदूक, यांहून अधिक बंदुका बरोबर नेतां कामा नये.