रूम पार्टनर

मागे उभं राहून शिट्ट्या वाजवणाऱ्या मित्रांनो,

माझ्यानंतर फिशपाँड आणि मग डान्स आहेत, हे सूत्रसंचालिकेनं मघाशी कानात सांगितलं. का सांगितलं तेही कळलं. थोडक्यात आटोपतो.

मी पीएच.डी. केली ती गवतावर. त्यावर बोलू लागलो तर पहिल्या रांगेतली मंडळीही उठतील. आज बोलायचंय ते लॅबला कुलूप लागल्यावर सुरू होणाऱ्या दिवसाबद्दल.

त्याआधी एक जुनी गोष्ट. 1920 साली बाबासाहेब आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले. शाहू महाराजांनी त्यांना मदत केली, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पण त्याच वेळी पाच हजार रुपये कर्जाऊ देणाऱ्याचं नाव आपण फारसं घेत नाही. नवल भथेना. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेबांबरोबर वसतिगृहात राहणारा पारशी विद्यार्थी. तुमच्या भाषेत, रूम पार्टनर.

मधल्या काळात काय झालं होतं? बडोद्याला नोकरी करताना बाबासाहेब एका पारशी धर्मशाळेत उतरले होते. जात कळल्यावर लाठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि त्यांना त्याच दिवशी बाहेर पडावं लागलं. तरी भथेनांशी दोस्ती तशीच राहिली. यात कोणाचं मन मोठं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

लंडनमध्ये दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. रात्री पोटात आग पडली की ओळखीच्या एकाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे, वर कपभर दूध, आणि पुन्हा पुस्तक. 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लिहिणाऱ्या माणसाकडे स्वतःचे रुपये नव्हते. तो प्रबंधही पहिल्या फेरीत मंजूर झाला नाही, पुन्हा लिहून द्यावा लागला. पुढे वकिलीच्या सनदेसाठी पैसे कमी पडले, तेव्हाही भथेनाच धावून आले. बाबासाहेबांनीच नंतर लिहिलंय, की आयुष्यातले सगळ्यात चांगले मित्र त्यांना कोलंबियात भेटले. त्यात त्यांनी वर्गमित्र धरले आणि जॉन ड्युईंसारखे प्राध्यापकही. प्राध्यापकांना मित्र म्हणणं मला फार आवडलं. (सर, घाबरू नका, उद्यापासून कोणी खांद्यावर हात टाकणार नाही.)

आता माझं. फेलोशिप आठ महिने अडकली होती. कुठल्या टेबलावर, ते जाऊ द्या. राजारामपुरीत एका काकूंकडे जेवायचो. त्यांची लाल कापडी बांधणीची वही होती, प्रत्येकाचं एक पान. माझ्या पानावर जागा संपली, तसा मी संध्याकाळी जेवायला जायचं टाळू लागलो. भूक नाही म्हणून रंकाळ्यावर चकरा मारायचो. भेळेच्या गाड्यांचा वास किती लांबून येतो, याचा माझ्याइतका अभ्यास कोणी केला नसेल.

माझा पार्टनर इतिहासवाला. त्याची स्वतःची परिस्थिती बेताचीच. एक दिवस म्हणाला, "अरे, काकू चिडल्यात. पैसे भरलेस ना मागच्या महिन्यात? मग येत का नाहीस?" मी गेलो. वहीत माझ्या पानावर तिरकी रेघ आणि खाली 'जमा'. मला वाटलं, काकूंचा हिशेब चुकला. आणि मी गप्प बसलो! महिनाभर गरम भाकरी खाताना चोरासारखं वाटत होतं. शेवटी फेलोशिप आली, तेव्हा काकूंना खरं सांगायला गेलो. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "चुकायला मी काय शाळा शिकलेय व्हय? तुझ्या त्या पार्टनरनं सायकल विकली."

तोवर मला रोज सांगायचा, सायकल गावी भावाला दिलीय.

पैसे परत द्यायला गेलो तर घेईना. म्हणाला, माझ्या प्रबंधाची मुद्रितं तपास, फिटलं. साडेतीनशे पानं तपासली. मराठेशाहीतला महसूल मला आजही गवतापेक्षा बरा येतो.

तो आज आलाय. तिसऱ्या रांगेत, निळ्या शर्टात, आत्ता मान खाली घालून बसलाय तोच. फिशपाँडसाठी माझ्याबद्दल काही हवं असेल, तर त्याला गाठा. त्याच्याकडे भरपूर माल आहे.