भाकरीचा प्रश्न आणि बोर्डिंग



आज आपण बोर्डिंगविषयी बोलू. परगावच्या मुलांनी जिथे राहायचे, जेवायचे आणि शिकायचे, ते बोर्डिंग. त्यालाच वसतिगृह म्हणतात.

पूर्वी खेड्यात शाळा असली तर चार इयत्तांची. पुढे शिकायचे तर मोठ्या गावी जावे लागे. बाप एक वेळ उसनवारी करून फी भरील. पण पोरगं राहणार कुठं? जेवणार कुणाकडं? काही मुले वार लावून जेवत. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी. पण ज्याला लोक उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्या पोराला वार कोण देणार? डोके हुशार असूनही अशी किती तरी पोरं गुरांमागे गेली. अडले होते ते भाकरीपाशी.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे ओळखले. १९०१ साली तिथे मराठा मुलांसाठी बोर्डिंग निघाले. पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती, अशा अनेकांची बोर्डिंगे झाली. शिक्षणाची वाट मोकळी झाली. पण बहुतेक ठिकाणी जात वेगळी, तशी चूलही वेगळीच राहिली.

ती चूल एक केली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. त्यांचा जन्म १८८७ साली कुंभोज गावी झाला. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. तिथे सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहू लागली. एकाच पंगतीला बसू लागली. त्या काळी ही सोपी गोष्ट नव्हती. लोक नावे ठेवत. पण पंगत मोडली नाही. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले. त्यांच्या हस्ते बोर्डिंगला शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

तिथे कुणी बसून खात नसे. पोरंच पाणी भरत, स्वयंपाक करत, शेतात राबत. कमवायचे आणि शिकायचे, हीच तिथली रीत होती. भाऊराव गावोगाव फिरून धान्य आणि पैसा मागत. तेही कधी कधी पुरत नसे. अशा वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही विकले आणि पोरांच्या पोटाची सोय केली. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने सगळ्या जातींच्या लेकरांना आपली मानली. १९३० साली त्या वारल्या. भाऊराव १९५९ साली गेले. पण त्यांची संस्था आजही चालू आहे.

आम्ही आयुष्यभर शाळेत काम केले. परगावी शिकायला गेलेले पोर सुट्टीत घरी येते. स्वतःचे ताट स्वतः घासते. शेजारच्या पोराची जात विचारत नाही. हे शिक्षण कुठल्या पुस्तकात नसते. ते पंगतीत मिळते.

आज सरकारची वसतिगृहे आहेत, संस्थांचीही आहेत. मुलींसाठीही वेगळी आहेत. आता तुम्हाला वाचता येते. मग शाळेत जाऊन चौकशी करा. अर्ज दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा. खाली अंगठा नको, सही करा. आणि घरात मुलगा आणि मुलगी दोघे असतील, तर अर्ज दोन आणा.

रामराम.