फाइलीचे नाव आणि गाव



मागे आम्ही जपून ठेवलेले एक पान ब्राउझरमध्ये उघडले, तो पानाऐवजी नुसत्या खुणांची रास! मजकूर तोच होता. फक्त नावाचे शेपूट ‘एचटीएमएल’च्या जागी ‘टीएक्सटी’ असे पडले होते.

असे का व्हावे? सर्व्हरवरून येणाऱ्या फाइलीबरोबर बहुधा एक चिठ्ठी येते : हे पान, हे चित्र. १९९२ साली ई-टपालासाठी ठरलेल्या ‘माइम’ पद्धतीचीच ही चिठ्ठी. घरच्या फाइलीला चिठ्ठी कुठली? मग ब्राउझर शेपूट पाहतो. त्याने भागले नाही तर आरंभीची अक्षरे चाचपतो. झिपच्या गाठोड्यावर तर तिच्या जनकाची, फिल कॅट्झची, ‘पीके’ ही आद्याक्षरेच असतात.

कोणी म्हणेल, नाव सोडा, अंतरंगच पाहा. पण अंतरंगही सोंग घेते! इंटरनेट एक्स्प्लोरर असाच आत डोकावे, आणि साध्या मजकुरात खुणा दिसल्या की त्याला पान समजून त्यात दडवलेल्या आज्ञा पाळू लागे. अखेर २००९ च्या आठव्या आवृत्तीत, ‘तर्क लढवू नकोस’ असे सर्व्हरने त्याला बजावण्याची सोय करावी लागली.

घरात बजावणारा कोणी नाही. विंडोज तर ओळखीची शेपटे मुळातच झाकून ठेवते, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘बिल.पीडीएफ.एचटीएमएल’ असू शकते. म्हणून आमचे सांगणे एवढेच : आधी ते झाकण काढा, पुरते नाव वाचा, मगच दार उघडा.