अंजिराच्या बागेला ताण

अंजीर हे थंडीत पाने गाळून झोपणारे झाड. थंड मुलखात हिवाळा लागला की ते आपोआप झोपते. आपल्या पुरंदर भागातली थंडी त्या मानाने उबदार. पाणी मिळत राहिले तर झाड बारा महिने हिरवेगार. बघायला बरे वाटते, पण अंजिराचे फळ धरते ते मुख्यतः नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात. विश्रांती न मिळालेल्या झाडाची फूट मागेपुढे निघते. आज चार फळे, पंधरवड्याने सहा. त्यात ना तोडणी जमते, ना बाजार गाठता येतो. म्हणून थंडीचे काम आपण पाणी तोडून करायचे. यालाच ताण म्हणतात.

खट्टा बहर धरायचा तर उन्हाळ्यात ताण आणि जूनमध्ये छाटणी. मीठा बहर धरायचा तर पावसाळ्यात ताण आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी. फळ उन्हाळ्याच्या तोंडाला येते, आणि खरी गोडी त्यालाच. पावसाळ्यात ताण कसा बसायचा, असे तुम्ही म्हणाल. पाऊस कमी आणि जमीन हलकी, निचऱ्याची असेल तर बसतो. काळ्या भारी रानात ओल हटत नाही. तिथे अंजीर नकोच.

आता माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बागेत पाने गळलेली पाहिली आणि "ताण बसला, छाटून घ्या," असे सांगून मी मोकळा झालो. पाने ताणाने गळलीच नव्हती, तांबेऱ्याने गळली होती. झाडात जोर नव्हता. फूट काडीसारखी निघाली, फळे करवंदाएवढी होऊन गळली. त्या दादांचा वर्षाचा पैसा गेला. मला ते काही बोलले नाहीत, चहाच पाजला. तेच जास्त लागले.

तेव्हा छाटणीआधी गळलेले पान उलटून बघा. ताणाचे पान नुसते पिवळे पडते. तांबेऱ्याच्या पानाला खालून विटकरी पूड असते, बोटाला लागते. अशी पाने वेचून बागेबाहेर नेऊन जाळा. छाटणी झाल्याबरोबर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. मिश्रणात घासलेला विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, उद्यावर ठेवू नका.

छाटणीनंतर शेणखत आळ्यात मिसळून पहिले पाणी हलके द्या. तहानलेले झाड आहे म्हणून एकदम आळे तुडुंब भरू नका. फूट दिसू लागली की पाळी नियमित ठेवा, आणि फळ धरल्यावर मात्र पाण्याला खाडा पडू देऊ नका.