भुलेतली हुडहुडी

लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय असो की नगरचं जिल्हा रुग्णालय, सिझरसाठी कमरेत भुलेचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळाने कित्येक बायांचे दात वाजू लागतात. पाय निपचित, पण जबडा, खांदे, हात थरथरतात. बाई शुद्धीत असते, घाबरते: ताप भरला की काय!

बहुतेक वेळा हा ताप नसतोच. भुलेमुळे कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि छातीपोटातली ऊब रक्ताबरोबर पायांकडे उतरते. पाय गरम लागतात, आतलं तापमान मात्र घसरतं. मेंदू स्नायू हलवून उष्णता तयार करायला बघतो. बधिर भाग हलत नाही, म्हणून सगळी थरथर वरच्या अंगात. या थरथरीत प्राणवायूची गरज दुप्पटही होऊ शकते. हृदयविकार किंवा रक्तक्षय असेल तर हे फार जड जातं.

म्हणून थंडी वाजताच भूलतज्ज्ञांना सांगा, संकोच नको. कोमट सलाइन, गरम हवेचं पांघरूण, गरज पडली तर ट्रामाडॉलसारखं औषध, यांनी बहुधा आराम पडतो. आणि नातेवाइकांनो, नगरची थंडी कितीही कडाक्याची असो, भूल पुरती उतरेपर्यंत पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका. बधिर कातडी भाजली तरी बाईला कळत नाही.